पाचव्या भिंतीवरचा ठिपका

चिरंजीव धाकट्यास,

आशीर्वाद. (अनेक आशीर्वाद लिहायची पद्धत आहे, पण सव्वीस वर्षं न वापरलेल्या आशीर्वादांपैकी किती चांगले राहिलेत ते बघावं लागेल, तूर्त एक पाठवतो.) तुझी तब्येत कशी आहे असं विचारतो आणि पुढं जातो, कारण उत्तर द्यायची तुला सवय नाही. माझी विचारशील तर गुडघे संपावर गेलेत, उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, डाव्याचं पुढच्या महिन्यात करू म्हणतात, आणि रक्तदाब तुझं पाकीट येईपर्यंत ठीक होता. तुझी वहिनी मजेत आहे. ती नेहमीच मजेत असते, हा तिच्याबद्दलचा माझा जुना आक्षेप आहे.

पाकीट म्हणतोय, पत्र म्हणत नाही. सव्वीस वर्षांनी माणूस सख्ख्या मोठ्या भावाला लिहितो आणि किती लिहितो? दीड ओळ! छायाचित्रांच्या प्रदर्शनाचे दोन पास, आणि एका पासच्या पाठीवर, 'दादा, पाचव्या भिंतीवरचा मधला फोटो बघ. मग काय रागवायचं ते रागाव.' अरे, रागवायला मला तुझी परवानगी लागते का? मी त्याआधीही रागावलेलोच होतो. तू घर सोडलंस त्याचा नाही. बाबांचा कॅमेरा नेलास त्याचाही फारसा नाही. (त्याचं झाकण मात्र इथंच विसरलास. ते काउंटरच्या वरच्या खणात आहे. इतकी वर्षं उघड्या भिंगानं हिंडतोयस, धूळ बसली तर नवल काय! या धुळीकडे मी पुढं येणारच आहे.) माझा राग एवढ्यावरच आहे, की त्या सकाळी तू पिशवी खांद्याला मारून गल्लीच्या टोकापर्यंत गेलास आणि एकदाही मागं वळून बघितलं नाहीस. मी दारातच होतो, सहज बाहेर आलो होतो, माझ्या डोळ्यांनी बघितलं. हे मी आजवर भेटेल त्याला सांगत आलोय. वहिनीला तर इतक्यांदा सांगितलंय, की मी 'त्या सकाळी' एवढं म्हटलं की ती उठून भांडी घासायला लागते.

तर मी जाणार नव्हतो. पण वहिनी सकाळपासून चांगले कपडे घालून दारात उभी राहिली, आणि ही बाई दारात उभी राहिली की घरातलं दुसरं कुठलंच काम सुरू होत नाही. निघालो. खिशात नेहमीचा ऐवज होता: भिंग, शून्य नंबरचा ब्रश आणि काळ्या शाईच्या वडीची डबी. लोक कंगवा ठेवतात, मी हे ठेवतो. फिल्मवर धुळीचा कण बसला की कागदावर तिथं पांढरा ठिपका उमटतो, आणि तो ब्रशच्या टोकानं भरून काढल्याशिवाय आपल्या स्टुडिओतून एकही फोटो बाहेर गेला नाही, हे तुला सांगायला नको. आता काय, फोनच सगळं आपोआप साफ करतो. गिऱ्हाइकं येतात ती पासपोर्टपुरती, आणि तेही मशीनच कापून देतं. ब्रश मात्र खिशातून काढवत नाही.

प्रदर्शन वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर. जिना बत्तीस पायऱ्यांचा, गुडघ्यांनी एकेक मोजली. आत पाच फोटोग्राफर आणि भिंती चार, म्हणून तुझ्यासाठी मधोमध लाकडी पडदा उभा करून पाचवी केलेली. (लहानपणीही तुला स्वतंत्र कोपरा लागायचा.) प्रत्येक फोटोखाली एक चिठ्ठी. मी एकही वाचली नाही आणि वाचणारही नव्हतो, कारण ज्या फोटोखाली चिठ्ठी लावावी लागते तो फोटो फसला, हे बाबांनी आपल्याला शिकवलंय. तू विसरलास, मी विसरलो नाही, आणि त्याचे परिणाम मला भोगावे लागले, ते पुढं येईलच.

पहिल्या भिंतीवर खुर्च्या. नुसत्या! दवाखान्यातली खुर्ची, न्हाव्याची खुर्ची, शाळेतली खुर्ची, आणि एकीवरही माणूस नाही. मी म्हटलं, हा गृहस्थ माणसं उठून गेल्यावर पोचतो की काय? आपल्याकडे गिऱ्हाईक खुर्चीवर बसायच्या आत मी कधी बटण दाबलं असतं तर बाबांनी मला त्या खुर्चीलाच बांधून ठेवलं असतं. पण खोटं कशाला बोलू, उजेड त्यानं बरोबर घेतलाय. डावीकडून, खिडकीचा, एका बाजूनं हळूच सरकत येणारा. बाबा असाच घ्यायचे, पांढरी चादर धरून. आणि न्हाव्याच्या खुर्चीची गादी मधोमध दबलेली होती, त्यावरून नुकताच कोणीतरी चांगला जाडजूड माणूस उठून गेलाय आणि तो खुशीत गेलाय हे मला कळलं. कसं कळलं ते विचारू नकोस, मलाच राग आला. वहिनी तिथं दहा मिनिटं उभी. मला म्हणाली, या सगळ्या खुर्च्या कुणाची तरी वाट बघतायत, अहो. मी म्हटलं, फर्निचर वाट बघत नसतं, पुढं चल.

दुसऱ्या भिंतीवरचा मुंडकी उडवणारा. याच्या फोटोत हात आहेत, पाय आहेत, पोट आहे, डोकं नाही. अरे, लोक स्टुडिओत येतात कशाला? तोंड दाखवायला! शिंप्याचे हात काढलेत. अंगठा असा ताठ, की हा माणूस तापट असणार आणि बायकोशी तीन दिवस बोलत नसणार हे मी पैजेवर सांगतो. (वहिनी माझ्या अंगठ्याकडे बघत होती.) आणि चौथ्या भिंतीवरच्या महाशयांबद्दल तर लिहायचंच नाही असं मी ठरवलं होतं, पण लिहितो, कारण संताप आवरत नाही. त्यांचा प्रत्येक फोटो हललेला आहे! पळणारी मुलं हललेली, सायकल हललेली, एक पिवळी छत्री तर अशी हललीय की तिच्या जागी नुसता पिवळा फराटा. फोटो हलला की आम्ही गिऱ्हाइकाची माफी मागून पुन्हा काढून द्यायचो, आणि हा शहाणा हलवून भिंतीवर टांगतो आणि लोक मान डोलावतात! वहिनी त्या छत्रीसमोर उभी राहिली आणि तिनं पदर सावरला. वारा नव्हता, खिडक्या बंद होत्या.

तिसरी भिंत मुद्दाम मागं ठेवली. ती एका बाईची आहे. ही बाई माणसाच्या तोंडात कॅमेरा घालते. म्हाताऱ्यांचे चेहरे, प्रत्येकी खिडकीएवढे, आणि एकेक सुरकुती, एकेक तीळ, हनुवटीवरचा एकेक केस जिथल्या तिथं. माझी बोटं शिवशिवायला लागली. एका आजीबाईंसमोर उभा राहून मी मनातल्या मनात हिशोब केला: कपाळाला एक दिवस, डोळ्यांखाली दीड दिवस, गळ्याला कमीत कमी दोन. पेन्सिलनं निगेटिव्हवर सुरकुत्या बुजवणाऱ्या माणसाला असं तोंड दिसलं की झोप लागत नाही. आणि मग त्या आजीबाई माझ्याकडे बघायला लागल्या आणि मला पोस्टमास्तरांची आई आठवली. तुलाही ती आठवत असणार. तू तिचा फोटो काढलास, तो असाच होता, सगळं जिथल्या तिथं. मी तुला न विचारता तीन दिवस निगेटिव्हवर पेन्सिल चालवली आणि म्हातारी पोस्टमास्तरांची धाकटी बहीण होऊन बाहेर पडली. पोस्टमास्तर खूश! आणि तू भर दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर, फोटो हातात धरून म्हणालास, 'दादा, तू माणसं पुसतोस.' मी म्हणालो, 'मग तुझी न पुसलेली माणसं घे आणि चालू लाग.' मी हे रागानं म्हणालो होतो. रागानं म्हटलेलं दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला कोणी खरं करतं का? गाढवा!

असो. त्या आजीबाईंच्या सुरकुत्या काढल्या असत्या तर खाली काहीही उरलं नसतं. एवढंच लिहितो, जास्त अर्थ काढू नकोस.

आता पाचवी भिंत. तुझी. पहिली गोष्ट म्हणजे काच नाही, फ्रेम नाही, दोरीला चिमटे लावून फोटो लटकवलेत, जसे काही धुऊन वाळत घातलेत. (बाबांच्या वेळी फोटो फ्रेमशिवाय दुकानाची पायरी उतरायचा नाही. काच असती तर पुढचं काहीच घडलं नसतं, हे लक्षात ठेव, जबाबदारी वाटताना उपयोगी पडेल.) दुसरी गोष्ट म्हणजे काळोख. तू उजेडाशी भांडलायस का? सगळं काळं, आणि त्यात कुठंतरी एक कडा, एक कोपरा, एक ओला दगड. इतरांचे फोटो चटकन दिसतात, तुझ्यासमोर डोळे सरावेपर्यंत उभं राहावं लागतं. उभा राहिलो. डॉक्टरांनी उजव्या डोळ्याला ताण देऊ नका म्हटलंय, तरी राहिलो. आणि हळूहळू त्या काळ्यातून आणखी काळं, मग करडं, मग भिंतीचा पोपडा, असं एकेक वर यायला लागलं. मी चाळीस वर्षं अंधाऱ्या खोलीत काढली, कागदावर काळा रंग इतक्या पायऱ्यांनी उतरवणं काय असतं ते मला कळतं. तुझ्या त्या दीड ओळीत हे लिहायला जागा नव्हती, म्हणून मी सांगतो: काम चांगलं आहे. झालं समाधान?

आणि मग मधला फोटो. कुठली तरी गल्ली, पहाटेची असावी, दोन्हीकडे बंद दुकानं, आणि टोकाला, पार शेवटी, तिळाएवढा पांढरा ठिपका. धूळ! मला अंगाला चटका बसल्यासारखं झालं. चार परकी माणसं धुतल्यासारखी स्वच्छ कामं टांगून बसलीत आणि आमच्या घरातल्या माणसाच्या मधोमधच्या फोटोवर धूळ. लोक तुला नावं ठेवणार नाहीत, बाबांना ठेवतील, आणि बाबा गेले म्हणून मला. मी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. वहिनी अजून चौथ्या भिंतीवरच्या छत्रीपाशी होती. भिंग लावलं. ठिपक्याच्या वरच्या बाजूला एक बारीक केसही पांढरा उमटलेला, थोडा तिरपा. तो आधी भरला. (केस नेहमी आधी भरावा, टोकाकडून मुळाकडे.) मग ठिपका. जिभेवर ब्रश ओला करून, टोक टेकवून, उचलून, टेकवून. हात अजून हलत नाही माझा. पाच मिनिटांत असं बसवलं, की तो ठिपका तिथं कधी होता हे आता तुलाही सापडणार नाही. मी मागं सरकलो आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा तुझ्यासाठी काहीतरी केलं असं वाटून मला, का लपवू, बरं वाटलं.

तेवढ्यात प्रदर्शन भरवणाऱ्या बाई वीस-पंचवीस लोकांना घेऊन आल्या. हातात लांब काठी. त्यांनी सांगायला सुरुवात केली, की हा या संग्रहातला सगळ्यात महत्त्वाचा फोटो आहे, इथला सगळा काळोख केवळ एका पांढऱ्या बिंदूसाठी आहे, आणि तो बिंदू म्हणजे, असं म्हणून त्यांनी काठी नेली आणि काठी तिथंच राहिली. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. कागदाला नाक लावलं. मागचा एक गृहस्थ म्हणाला की त्याला दिसतोय. मग आणखी तिघांना दिसला. एक बाई म्हणाल्या की फार प्रभावी आहे. (प्रदर्शनात माणसाला काहीही दिसतं.) मी हातात ब्रश घेऊन उभा. तोपर्यंत वहिनी आली होती. तिनं फोटोकडे एकदाच बघितलं आणि म्हणाली, अहो, हा आपला वाकडा खांब. ही आपली गल्ली! आणि मग तिनं खाली वाकून ती चिठ्ठी मोठ्यानं वाचली: 'निरोप देताना दादा.'

मी आपली गल्ली ओळखली नाही. जिथं जन्मलो, जिथं रोज झाडू मारतो, ती गल्ली मला दिसलीच नाही, कारण मी ठिपका बघत होतो. आणि दाराशी बनियनवर उभा असलेला तो ठिपका मी होतो. म्हणजे तू मागं वळून बघितलं होतंस. नुसतं बघितलं नाहीस, बाबांच्या कॅमेऱ्यातून बघितलंस. आता तू विचारशील, की दादा, तू दारात होतास, तुझ्या डोळ्यांनी बघितलंस म्हणतोस, मग खांबाशी थांबून कॅमेरा काढणारा मी तुला दिसलो कसा नाही? तर चष्मा आत फळीवर होता. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. तू निघालास हे दाराच्या कडीच्या आवाजावरून कळलं आणि धावलो, चष्मा कोण शोधत बसतो!

बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, आजोबा, तुमची जीभ काळी झालीय. (आजोबा!) मला ऑफिसात नेऊन बसवलं आणि घडलं ते लेखी द्या म्हणाल्या. मी लिहून दिलं, 'फोटोवर धूळ आढळल्याने व्यवस्थित भरून दिली.' त्या संतापल्या, मीही संतापलो, धूळ वाटेल असा माणूस छापायचाच कशाला यावर मी त्यांना चार शब्द ऐकवले. मग त्यांनी विचारलं, तुम्ही यांचे कोण? मी म्हटलं, बिंदू. वहिनी हसायला लागली. ती इतकी हसली, की तिला टेबलावर डोकं टेकावं लागलं, आणि नंतर बराच वेळ तिनं डोकं वर काढलं नाही. बाईंनी दोघांना पाणी दिलं.

तेव्हा धाकट्या, हे माफीचं पत्र नाही, हे नीट ध्यानात घे. चूक तुझी आहे. फोटो काच न लावता टांगलास, ही एक. माणूस तिळाएवढा काढलास, ही दुसरी. सव्वीस वर्षं हा फोटो जवळ ठेवून मला कळवलं नाहीस, ही तिसरी, आणि ती मी सोडणार नाही. तू भर दुकानात म्हणाला होतास की मी माणसं पुसतो. मी त्यावर सव्वीस वर्षं मनात भांडतोय, चांगली चांगली उत्तरं तयार केली होती. आता एकही उपयोगाचं राहिलं नाही, आणि याचाही मला राग आलाय.

तुझा (नाइलाज आहे, दुसरा नाही),
दादा

ता. क. तुझ्या वहिनीनं पत्र वाचलं. ती म्हणते, यात नऊ वेळा राग आलाय आणि एकदाही 'कसा आहेस' नीट विचारलेलं नाही. तिनं विचारलंय. तू वेळेवर जेवतोस का हेही तिनंच विचारलंय. ती असंही सांगते, की प्रदर्शनातून आल्यापासून मी ते झाकण खिशात घेऊन हिंडतो, ब्रश घरी राहिला तरी चालतो. यात तथ्य नाही. झाकण घासून पुसून ठेवायचं होतं, एवढंच.

ता. क. दुसरा. बाई म्हणतात, त्यांच्याकडे ती एकच प्रत होती आणि निगेटिव्ह तुझ्याकडे आहे. तर दुसरी प्रत काढ. माझा दुसरा फोटो या घरात नाही, सगळ्यांचे काढण्यात माझा राहिला. वहिनीला तो हवाय. टपालानं पाठवू नकोस, घडी पडते. घेऊन ये. कॅमेराही आण, झाकण मी पाठवणार नाही, येऊन बसवून ने. आणि आलास की एक फोटो जवळून काढ. सुरकुत्या राहू देत. मी पेन्सिल लावणार नाही, वहिनीनं लपवून ठेवलीय.

ता. क. तिसरा, आणि हा नीट वाच. त्या चिठ्ठीत चूक आहे, ती ताबडतोब बदल. ठिपक्याच्या वरचा तो तिरपा केस मी आधी भरला ना, तो केस नव्हता, माझा वर केलेला हात होता. पण निरोप कोण देत होतं? घशातून आवाज फुटला नाही म्हणून हात वर केला होता. मी तुला थांब म्हणत होतो.